दरवाज्यातलं पद

“अरे, जाऊ नकोस बाहेर! माफी मिळाली आहे तुला!”

ठाण्याच्या प्रयोगात, पाचव्या अंकात, पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं आणि सगळा मांडव हसला. आमचा नायक यशवंत किल्ल्याच्या दाराला हात लावून मरायला निघाला होता. तो तसाच गात राहिला. पुढे तो मेला, तरी मागे कोणी कोणी हसतच होतं.

मी त्या नाटक कंपनीत तालीममास्तर होतो. नटांकडून पार्ट बसवून घ्यायचे, कुणी कुठे उभं राहायचं, कुठे थांबायचं ते ठरवायचं, हे माझं काम. नाटक नवं होतं, शोकान्त. त्या काळी लोकांना त्याची सवय नव्हती. शेवटी लग्न तरी व्हायचं, नाहीतर देव तरी प्रकट व्हायचा. इथे सरदाराच्या मुलीचं शत्रूकडच्या शिपायावर प्रेम. चौथ्या अंकाच्या शेवटी ती बापाकडून त्याला माफी मिळवते. हे प्रेक्षकांना कळतं, त्याला कळत नाही. आपल्यापायी तिला त्रास नको म्हणून तो एकटाच किल्ल्याबाहेर पडतो आणि माफीची खबर न पोचलेल्या बापाच्या शिपायांकडून मारला जातो. ती हुकूम घेऊन धावत येते, तेव्हा उशीर झालेला असतो.

पुढचा मुक्काम कल्याण. ठाणं सोडायच्या आधी, दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅनेजर धोंडोपंतांनी मला बोलावलं.

“मास्तर, माफीचा प्रवेश काढा. लोकांना आधी कळतं, म्हणून ओरडतात.”

“तो काढला तर नुसता एक शिपाई मरेल. आधी कळतं म्हणूनच जीव तुटतो.”

“काल कुणाचा तुटला? कल्याणात असंच झालं तर मी हे बंद करून पौराणिक नाटक लावणार.”

दुपारी आमच्या बिऱ्हाडी ठाण्याच्याच नौपाड्यातले एक वकील आले. उतारवयाचे, पगडी नीट बसवलेली. यशवंतला म्हणाले, “काल ओरडलो तो मीच. माफी मागायला आलोय.”

“असू द्या हो,” यशवंत म्हणाला.

वकील गेले नाहीत. म्हणाले, “माझा मुलगा तुमच्याच वयाचा. भांडून घर सोडून निघाला, तेव्हा मी ओटीवरच बसलो होतो. हाक मारली नाही. काल तुम्ही दाराशी किती वेळ गात होतात. एवढ्या वेळात हाक मारता येते, असं वाटलं. मारली.”

मुलगा परत आला का, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

ते गेल्यावर मी यशवंतला म्हटलं, “दरवाज्यातलं पद तिथून काढू या.”

त्याचा चेहरा उतरला. “त्या पदाला मला वन्समोअर मिळतो, मास्तर. लोक मला ओळखतात ते त्या पदावरून.”

“पद राहील. चौथ्या अंकात, माफीच्या आधी घेऊ.”

“तिथे ते नुसतं गाणं होईल.”

“होईल,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

“आणि दाराशी मी काय करू?”

“काही नाही. दार उघडा आणि जा.”

तालमीत तो सवयीने दाराशी थांबायचा, आलाप घेतल्यासारखी मान वर करायचा. मी परत मागे बोलवायचो. शेवटी वैतागून त्याने शेला खांद्यावर टाकला आणि बाजारात निघाल्यासारखा सरळ निघून गेला. मी म्हटलं, “हेच ठेवा.”

कल्याणला त्याने तसंच केलं. दार उघडलं, गेला, दार लागलं. मांडवात कुणाच्या तरी तोंडून “अरे” एवढंच निघालं. पुढचं बोलायला समोर कोणी नव्हतं. मुलगी हुकूम घेऊन आली, तेव्हा बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू येत होते. पडदा पडला. टाळी नाही.

रंगपटात यशवंत तोंडाचा रंग पुसत होता. “एक टाळी नाही, मास्तर.”

“नाही.”

तेवढ्यात धोंडोपंत आत डोकावले. “लोक उठत नाहीयेत. दिवे कसे मालवू?”

यशवंतने हातातलं फडकं खाली ठेवलं. पौराणिकाचा विषय धोंडोपंतांनी पुन्हा काढला नाही.

त्यानंतर मी कितीतरी नाटकं बसवली. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला खुशाल आधी सांगावं. मात्र बोलायला सवड देऊ नये. सवड मिळाली की माणूस रडत नाही, सल्ला देतो.