ऐकून घेणारे अंकल

आमच्या मांजलपूरच्या चर्चमध्ये तरुणांचा गट चालवणारे गृहस्थ स्वतः पन्नाशीचे आहेत. टोपी उलटी घालतात, भेटेल त्याला इथल्या गुजरातीत "मजामां?" विचारतात, वर "प्रभूची कृपा!" म्हणतात आणि उत्तराला थांबत नाहीत. आजच्या पोरांचं कुणी ऐकून घेत नाही, यावर ते तासभर बोलू शकतात.

गेल्या रविवारी त्यांच्या सभेत मी चहा द्यायला होते. वर्षभर गप्प बसणारी एक मुलगी पहिल्यांदाच बोलायला उभी राहिली. "अंकल, घरी माझं लग्न ठरवतायत. मला नकोय. मी..."

"बस बेटा, बस! आपण प्रार्थनाच करू," म्हणत त्यांनी डोळे मिटले. तिच्या आईवडिलांसाठी, भावी नवऱ्यासाठी, होणाऱ्या लेकरांसाठीसुद्धा आशीर्वाद मागितला. मुलगी वळली आणि निघून गेली. मी किटली ठेवून तिच्यामागे जायला हवं होतं. पण प्रार्थनेत हलू नये म्हणून तशीच उभी राहिले.

आमेन झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, रिकामी खुर्ची पाहिली आणि खूश होऊन म्हणाले, "बघितलंत? किती लवकर मोकळी झाली पोरगी!"