साळवी काकांची ड्राइव्ह

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर खोट काढायलाच वाचत आले. घरी अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांच्या घड्या घालत मोठी झाले, कॉलेजात असताना स्टेशनबाहेर उभं राहून बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटली. भूतबीत मी मानत नाही. आजही नाही. तरी लिहितेय... कारण डोळ्यांनी पाहिलेलं दडवणं मला जास्त लाजिरवाणं वाटतं.

घाटकोपर पूर्वेला आमच्या कामगार संघटनेचं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक खिडकी. केसेसचं सॉफ्टवेअर क्लाउडवर. आपल्या पीसीवरून रिमोट डेस्कटॉपने दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं आणि तिथे काम करायचं. आपली एखादी फाइल तिथे हवी असेल तर जोडण्याआधी सेटिंगमध्ये ‘ड्राइव्ह’वर टिक करायची. मग तिथल्या यादीत आपला पीसी दिसतो, त्याच्या नावासकट.

दुसरं टेबल साळवी काकांचं. गिरणी बंद पडल्यावर ते संघटनेत आले, साठीनंतर कम्प्युटर शिकले. कामगारांचे कागद स्वतः स्कॅन करायचे, पण आपल्याच पीसीवर ठेवायचे. लागेल तेवढी एकच फाइल क्लाउडवर न्यायची. मी भांडायचे — बॅकअप नाही, एक दिवस वाट लागेल. एकदा ते म्हणाले, “अगो, क्लाउड म्हणजे दुसऱ्याचं घर. लोकांचे कागद त्यांना न विचारता तिथे कशाला ठेवू?” फोल्डरला नंबर कधी दिला नाही. पूर्ण नाव आणि गाव. गिरणीत त्यांना स्वतःला बिल्ल्याच्या नंबरानेच हाक मारायचे.

गेल्या वर्षी काका गेले. आठवड्याभरात त्यांचा पीसीही बसला. दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क काढून हातात दिली, यातून काही निघणार नाही म्हणाला. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून ड्रॉवरमध्ये ठेवली. टाकवली नाही.

मग आली प्रमिलाताईंची सुनावणी. मुलुंडच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी एकोणीस वर्षं पोळ्या लाटल्या होत्या. कंपनी म्हणत होती, बाई तीन वर्षांपूर्वीच आल्या. जुने गेट पास घर बदलताना हरवलेले, स्कॅन फक्त काकांकडे. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत पुरावा केसला चढवला नाही तर नोकरी गेली. ताई समोरच बसल्या होत्या. “साळवींनी ठेवलं असणार गं, नीट बघ ना,” म्हणाल्या. डिस्क गेल्याचं मला सांगवेना. नुसतं काहीतरी करायचं म्हणून तीन वाजता लॉगिन केलं.

यादीत माझा पीसी होता. आणि त्याच्याखाली — ‘साळवी-पीसी’.

उघडला. नुसती नावं आणि गावं. ‘प्रमिला सखाराम घाग, संगमेश्वर’. आत एकोणीस गेट पास, वर्षवार लावलेले, कडा सरळ कापलेल्या, एकही तिरका नाही. इतकं जपून कुणी कुणासाठी काम करतं? मी कॉपी केले, केसला जोडले. पुन्हा यादी पाहिली तर फक्त माझा पीसी.

ड्रॉवर उघडला. पुडी तशीच, दोऱ्याची गाठही माझीच.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. त्यांनी नोंदी तपासल्या — त्या दुपारी एकच लॉगिन, माझं. दुसरा पीसी चालू असल्याशिवाय आणि जोडल्याशिवाय असा दिसूच शकत नाही. क्लाउडवर जुनी प्रत? तीही नव्हती. मी स्वतः शोधलं, चिडून, आठवडाभर. हाती काही लागलं नाही.

गेट पास मान्य झाले. ताई आज कँटीनमध्ये आहेत.

मी काकांना हट्टी म्हटलं होतं, तोंडावर. ते शब्द मागे घेते. कागद आता मीही आपल्याच पीसीवर ठेवते, नाव-गाव घालून... बॅकअप मात्र दोन. आणि त्या सेटिंगच्या यादीत अगदी शेवटी एक पर्याय असतो — ‘नंतर जोडल्या जातील त्या ड्राइव्ह’. काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. पण रोज सकाळी मी त्यावर टिक करते.