डबीतली चिठ्ठी

"अंदाज हिचा होता. भाजीबाजारातला अंदाज."

अकोल्याच्या दवाखान्यातली मीटिंग. डॉक्टर लोक हासले. बोलले ते माझेच सर, कम्प्युटर विभागाचे मुख्य. मले हिवरखेडहून आणून कामाले लावणारे. आमच्या वावरातली वांगी घरी न्यायचे, मायले ताई म्हणायचे.

पेशंटचे एक्स-रे, सोनोग्राफीचे फोटो दर शनिवारी टेपवर उतरवणं माझं काम, सर्व्हर बसला तं कामी यावे म्हणून. टेपच्या डबीवर छापलेलं असते, पंधरा टेराबाइट. तो आकडा दाबून बसणाऱ्या मालाचा. मेथी दाबली की पोत्यात बसते. कांदा बसते का? आमचे फोटो म्हंजे कांदेच, आधीच दाबून ठेवलेले. खरी जागा सहाची, अन् फोटो झाले होते नऊ टेराबाइट.

मी सरले सांगतलं, दुसरी टेप लागते. ते म्हणाले, "पंधरा लिहिलंय. वाचता येतं ना?"

मंग मी बाबाची रीत धरली. बाबा मंडईत पोतं धाडतांना आत चिठ्ठी टाकतेत, माल किती अन् कोणाचा. मी हरेक डबीत चिठ्ठी टाकली, "यात सहा. तीन बाहेर." टेपा तपासाले बाहेरचे लोक येणार होते, त्याच्या आधी सर म्हणाले, "हे अडत्याचं दुकान नाही. काढ त्या चिठ्ठ्या." मी काढल्या. फाडल्या बी मीच. देवमाणूस समजत होती मी त्या माणसाले.

पुढच्याच महिन्यात सर्व्हर बसला. टेप लावली तं तीन टेराबाइट फोटो नाहीच. एका बाईच्या छातीतल्या गाठीचे जुने फोटो त्यातच होते. आता डॉक्टर नवीन गाठ कशाशी ताडून पायतीन?

त्याचीच ती मीटिंग. सरनं कागद सरकवला. माझ्या चुकीच्या अंदाजानं नुकसान झालं, असं टाइप केलेलं. "सही कर बेटा. नोकरी मी सांभाळतो."

हासण्यापेक्षा ते बेटा मले जास्त लागलं. मी कागद परत सरकवला. मी म्हटलं, "सर, माझा अंदाज सहाचा होता. पंधरा तुमी म्हटलं. मी सही नाई करत."

आता कोणी हासलं नाही. डॉक्टर एकेक करून उठून गेले.

नोकरी राहीन का जाईन, ठाऊक नाही. आज शनिवार हाये. उरलेले फोटो टेपवर घेतले. डबीत चिठ्ठी टाकली, "यात सहा. तीन गेले." खाली माझं पूर्ण नाव. ही चिठ्ठी काढायची असन तं सरनं सोताच्या हातानं काढावी. माझा हात आता त्या कामाले मिळणार नाही.