चावणारे मोरे, न चावणारे मोरे

आमच्या मजल्यावर मोरे दोन. एक ३०४ मध्ये राहतात ते हौसेराव मोरे, सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांची निम्मी हयात नोटिसा लिहिण्यात गेली. दुसरा ३०२ मध्ये, काचेच्या टाकीत. दगडाच्या फटीतून मुंडकं काढून दिवसभर आ वासून बसतो. आ तसे दोघंही वासतात, पण चावायचा गुण एकाच्याच अंगात. हे मी आज छातीठोकपणे लिहिते आहे. मधले काही दिवस मात्र अख्ख्या इमारतीचा यात घोळ झाला होता, आणि तो निस्तरायचं सोडून मी त्याला फोडणी दिली, हे आधीच कबूल करून टाकते.

३०२ चा मालक धनेश कोळी. वय चव्वेचाळीस, बंदराजवळच्या एका कंपनीत क्लार्क, मूळचा खाडीकाठच्या दिवाळे गावचा. आई बायजा अजूनही दिवाळ्याच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसते. पण नेरूळला फ्लॅट झाला आणि धनेशच्या तोंडी मासळीचं सीफूड झालं. घरात बोंबील तळले की हा खिडक्या उघडणार, उदबत्ती लावणार, वर दिशाला, म्हणजे बायकोला, ऐकवणार, "सोसायटीत बरं दिसत नाही." आणि ह्याच माणसाच्या हॉलमध्ये भिंतभर टाकी, खाऱ्या पाण्याची!

खाडी आमच्या गेटपासून चालत दहा मिनिटं. पण धनेश परदेशी मिठाच्या पिशव्या आणतो, फिल्टरच्या पाण्यात ते कालवतो आणि एक नळी डोळ्याला लावून खारटपणा मोजतो. बायजाने हे एकदा पाहिलं.

"धन्या, बोट बुडवून चाखून बग ना रं. तुजा आजा मिठागरावं तसंच करायचा."

"आई, हे सायन्स आहे."

"मंग आमचं काय व्हतं, भजन?"

तेव्हा टाकीत नुसते रंगीत मासे होते. हा हातभर लांब, ठिपक्याठिपक्यांचा प्राणी नंतर आला. दुकानदाराने नाव सांगितलं 'मोरे ईल'. चार दिवसांत ईल गळालं, मोरे राहिलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सहज म्हटलं, "ही तर वाम वाटते. तुझ्या आईच्या पाटीत असते ना, तशी."

धनेश असा दुखावला की जणू मी त्याच्या मुलीला नकटी म्हटलं. "वहिनी, वाम खातात. हा मोरे आहे."

बायजा मात्र बघताक्षणी वामच म्हणणार आणि कोयता मागणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मोरे आल्यापासून 'घरात रंगकाम चालू आहे' या सबबीवर आईला दिवाळ्यातच थोपवून धरलं होतं. चार महिने रंगकाम! ताजमहालालाही एवढा वेळ लागला नसता.

तर त्या रविवारी धनेशने मला चहाला बोलावलं. चहा निमित्त, खरं म्हणजे भाषण. "याला धड दिसत नाही, वहिनी. सगळं वासावर चालतं. म्हणून खायला घालायचं ते लांब चिमट्याने. हात आत घालायचाच नाही." हे सांगताना चिमट्याने त्याने एक कोलंबी दिलीसुद्धा. मग एक दगड कलंडलेला दिसला, तो सरळ करायला याने हात आत घातला. तोच हात, ज्याने दोन मिनिटांपूर्वी कोलंबी सोलली होती!

मोरेने अंगठा धरला. धनेशने हिसडा मारला. ज्या दातांची टोकं घशाकडे वळलेली, त्यांतून हिसडा मारून अंगठा काढला की काय होणार? सुटला, पण थोडा अंगठा आतच ठेवून सुटला. दिशा स्वयंपाकघरातून धावत आली आणि किंचाळली, "अगं बाई! मोरे चावला! वहिनी, मोरे चावला!"

दार उघडं. बाहेर शकुबाई जिना पुसत होती. आदल्याच दिवशी पार्किंगवरून धनेशची आणि हौसेरावांची जुंपलेली तिने ऐकली होती. ती तळमजल्यावर पोचली तोवर बातमीला कारणही चिकटलं होतं.

इकडे धनेश नळाखाली अंगठा धरून मला विनवत होता, "वहिनी, तुमच्या पाया पडतो, मासळीचं नाव कुठं काढू नका. कोळ्याच्या पोराला मासळी चावली हे दिवाळ्यात कळलं तर मला हळदीत नाचायची सोय राहणार नाही."

मी शब्द दिला, आणि पाळला. लिफ्टमध्ये मला चौघींनी विचारलं, "काय हो, मोरे खरंच चावले?" मी म्हटलं, "चावला हे खरं. मी स्वतः तिथं होते." यात खोटं अक्षर कुठलं आहे, दाखवा.

संध्याकाळी हौसेराव ३०२ च्या दारात. "कोळी, मी तुम्हाला चावलो? लोक माझ्याकडे बघून मुलं कडेवर घेतायत! बोर्डावर लेखी खुलासा लावा."

धनेशने एका वाक्यात सुटका केली असती. पण ते वाक्य बोर्डावरून दिवाळ्याला पोचलं असतं. "गैरसमज आहे मोरेसाहेब, होईल दूर," एवढंच म्हणून त्याने दार लोटलं. एका सभ्य, नातवंडवाल्या गृहस्थाला त्याने खुशाल चावरा राहू दिला.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनाही त्याने सांगितलं, अंगठा दारात सापडला. त्यांनी दाराचं औषध दिलं. दाराच्या औषधाने मोरेचा चावा कसा बरा होणार? मंगळवारी अंगठा सुजून वडापावातल्या वड्याएवढा झाला. बुधवारी सकाळी मनगटापर्यंत लाल रेघ चढलेली दिसली. ऑफिसच्या हजेरीच्या मशीनवर टेकवायचा अंगठा तोच. दिशा रडवेली होऊन म्हणाली, "अहो, खरं काय ते सांगा ना डॉक्टरांना." तर हा म्हणतो, "त्यांचा कंपाउंडर दिवाळ्याचा आहे."

ती रेघ पाहून माझी मस्करी जरा थंडावली. थट्टा अंगठ्याची करावी, पण अंगठा जागेवर असेतोवर. मी पिशवी उचलली आणि दिवाळ्याचा बाजार गाठला. शब्द तर मोडायचा नव्हता. बायजासमोर उभी राहून म्हटलं, "मावशी, धनेशला मोरे चावलाय. अंगठा सुजलाय."

बायजाचा हात पापलेटावरच थांबला. "कोन मोरे?"

"आमच्याच मजल्यावरचा."

तिने पाटीवर फडकं टाकलं, शेजारणीला सांगितलं, "जरा बग गो," आणि माझ्याआधी रिक्षात बसली.

मला वाटलं होतं ती मुलाकडे जाईल. गेली थेट ३०४ वर. हौसेरावांनी दार उघडलं तर समोर नऊवारी खोचलेली, कमरेवर हात ठेवलेली बायजा.

"मोरे तू?"

"हो. आपण?"

"आ कर."

आयुष्यभर लोकांना नियम दाखवणारा हा माणूस, त्याने मुकाट आ केला. बाजारात मासा ताजा का शिळा बघायला कल्ले उचलतात, तसा बायजाने त्यांचा ओठ बोटाने वर केला. वरची कवळी सुटली आणि टपकन तिच्या तळहातावर पडली.

"अगो बाय, याला तं दातच नायत!" तिने कवळी पदराला पुसून परत दिली. "माफ कर रं दादा. ह्या कवलीनं पिकल्याला केलासुद्धा चावायचा नाय." मग माझ्याकडे वळली. "मंग दुसरा मोरे कंचा?"

मी बोट केलं. शब्द बोटाचा दिला नव्हता.

३०२ मध्ये धनेश आईला पाहून सोफ्यावरच आक्रसला. तिने पट्टी उलगडली, अंगठा उजेडाकडे धरला, वास घेतला.

"ह्यो मानसाचा चावा नाय. दात आत वलल्याले हायत. वाम धरली व्हती का?"

"मोरे आहे, आई," धनेश पुटपुटला.

"मोरे नि सावंत माना सांगू नको. हिसडा मारलास ना?"

"हो."

"वामेनं धरला का हात पान्यातच थंड ठेवायचा. ती आपसूक सोडते. ओढला का कातरा व्हतो." तिने स्वतःची उजवी बाही सारली. कोपराखाली जुना, पांढरा, अर्धचंद्रासारखा व्रण होता. "तू पोटात व्हतास तवाचा. तुज्या बापालाबी मी सांगितला नाय. तूबी नको सांगूस. पन डाक्तरला काय बोललास?"

"दार."

तिने त्याच्या डोक्यात टपली मारली, तीही डाव्या हाताने, उजव्याला मासळीचा वास होता म्हणून. मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांसमोर, कंपाउंडरच्या देखत, खणखणीत आवाजात बोलली, "साहेब, दार नाय. वाम चावलीय, खाऱ्या पान्यातली."

डॉक्टर खुर्चीत सरळ बसले. खाऱ्या पाण्यातले जंतू वेगळे, त्यांना औषधही वेगळं, असं म्हणून त्यांनी आमच्यासमोरच फोन फिरवले आणि मोठ्या इस्पितळात पाठवलं. एक्स-रेत अंगठ्याच्या मांसात मोरेचा एक दात दिसला. तो काढला, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, सलाइनमधून औषध सुरू केलं. सर्जन म्हणाले, आणखी दोन दिवस दार लावत बसला असता तर अंगठ्याला दार लागलं असतं. चौथ्या दिवशी लाल रेघ उतरली. अंगठा वाचला.

बायजाने घरी येऊन टाकी नीट पाहिली. दिशाने कोयता आधीच लपवला होता. पण ती लांब चिमट्याने मोरेला कोलंबी भरवत बसली, बऱ्याच वेळाने म्हणाली, "बारीक हाय अजून. वाढू दे." तेव्हापासून ती आली की धनेश टाकीजवळून हलत नाही.

हौसेरावांचा खुलासाही लागला बोर्डावर: 'चावणारे मोरे ३०२ मध्ये असून त्यांचा सेक्रेटरींशी संबंध नाही.' सही धनेशची, डाव्या हाताने.

तीन आठवड्यांनी तो ऑफिसला गेला. अंगठा मशीनवर टेकवला तर मशीन ओळखेना, शेंड्याची कातडी नवी होती ना. दुसऱ्या बोटाची नोंद करायला फॉर्म भरावा लागला. त्यात रकाना होता, 'इजेचे कारण'. धनेश म्हणतो, "वहिनी, म्हटलं आता नाही लपवायचं. छाती पुढे काढून खरं लिहिलं, मोरे चावला."

त्याच्या ऑफिसात तीन मोरे आहेत. तिघांनाही केबिनमध्ये बोलावणं आलंय.