सडकेची दमणी

माझ्या सासऱ्यांना दोन जावई. थोरला, म्हणजे माझा साडू, पक्क्या सडकेवरच्या गावचा, घरचा मातब्बर. तो कार्याला मोटारीनं यायचा आणि फाट्यावर त्याला घ्यायला सासरे आपली दमणी पाठवायचे. वर छत, खाली गादी, बैलांना घुंगरमाळा. मला घ्यायला कोणी येत नसे, कारण माझ्याकडे माल वाहायची बंडी होती. दुसऱ्यांचा कापूस सरकी काढायच्या जिनात वाहून मी ती स्वतःच्या कमाईनं घेतली होती. पण तिच्यातून उतरलं की धोतराला कापूस लागलेला असे. एका लग्नात मामेसासरे भर मांडवात म्हणाले, "जवाईबापू, कापूस इथं नाई घेत. जिनात न्या." लोक हसले. माझी बायकोही हसली. ती नाही म्हणते.

पुढे धाकट्या मेहुण्याचं लग्न वैशाखात ठरलं, तेव्हा मी ठरवलं की मांडवापुढे उतरायचं ते बसायच्या गाडीतून, आणि ती गाडी आपली पाहिजे.

आता कोणती घ्यायची? रेंगी पळायला चांगली, पण तिच्यात दोघंच बसतात आणि आम्हाला तीन मुलं. बायको म्हणाली, "बंडीवरच तट्ट्याचं छत करा, खाली गादी टाका. नवी गाडी काऊन पाह्यजे?"

"छत टाकलं म्हणून बंडीची दमणी होते काय?"

"बसणाऱ्याले काय फरक पडते?"

तिला पडत नसेल. मी दमणीवर आलो.

गावचा सुतार चांगला कारागीर होता, पण त्यानं एकच भाव सांगितला आणि रंधा मारत राहिला. मी त्याच्या अर्धा सांगितला. तो म्हणाला, "अर्ध्यात अर्धीच होईन, भाऊ. एक चाक देतो." मी त्याला नको ते बोललो. त्यानंही काही बाकी ठेवलं नाही. तो दरवाजा बंद झाला.

मग कळलं, कारंज्याच्या एका संत्र्याच्या बागाइतदारानं मोटार घेतली आणि दमणी विकायला काढली. मी आमचे बैल घेऊन गेलो. चाकांचे आरे वाजवून पाहिले, त्यांवरची लोखंडी धाव तपासली, आसाखाली आडवा होऊन पाहिलं. लाकूड सागवानी, खोट कुठंच नाही. सौदा दुपारपर्यंत चालला. बागाइतदार उतरत गेला, शेवटी घुंगरमाळाही त्यातच दिल्या. समोरचा असा सहज वाकला की मला राग येतो. वाटतं, आपण अजून खाली सांगायला हवं होतं.

सडकेवर दमणी पाण्यावरून चालल्यासारखी आली. सडक सोडून मी आमच्या काळ्या मातीच्या वाटेला लागलो आणि ती डावीकडे कलली.

आमच्या भागातल्या वाटा बंड्यांनी पाडलेल्या. पावसाळ्यात चाकं रुततात, उन्हाळ्यात त्या दोन चाकोऱ्या दगडासारख्या वाळतात. सगळ्यांच्या गाड्यांचं अंतर एकच, म्हणून दोन्ही चाकं बरोबर चाकोरीत बसतात. ही दमणी सडकेसाठी केलेली, हातभर अरुंद. एक चाक चाकोरीत, दुसरं मधल्या उंचवट्यावर. बाजूनं न्यावी तर बाभळीचे काटे. आमचा भाग नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, पण वाट होती तीच होती.

बायको म्हणाली, "सुताराले बलवा. आस बदलून देईन."

"त्याला मी बोलावणार नाही."

लग्नाला निघालो तेव्हा मी तिला आणि मुलांना उंच बाजूला बसवलं, म्हणजे तोल राहील. ती सगळी घसरून माझ्या अंगावर आली. दोनदा असं झाल्यावर ती उतरली.

"बस," मी म्हणालो.

"मी पायीच येतो. तुमी या दमणीत."

मुलंही उतरली. सासुरवाडीच्या वेशीवर मामेसासरे उभेच होते. पुढे बायको, कडेवर धाकटं, मागे दोघं धुळीत, त्यांच्यामागे घुंगरं वाजवीत मी.

"जवाईबापू, गाडी तुमची आन् बाई पायी?"

"तिला चालायची हौस आहे," मी म्हणालो.

मांडवापुढे जागा सपाट होती. तिथं दमणी सरळ उभी राहिली आणि सासऱ्यांच्या दमणीपेक्षा उजवी दिसली. साडूनं तिच्याभोवती फेरी मारली. "साडभाऊ, इकता काय?"

"विकायला आणली नाही."

हळदीची वाजंत्री चालू होती तोवर आमचा भाव चालला. त्या लग्नात मला करमलं ते तेवढंच. मी घेतली त्याहून चढ्या भावानं दिली. वाटेबद्दल त्यानं विचारलं नाही. त्याच्या गावी सडकच होती, तिथं ती शोभणार होती. मधली वाट त्याची त्यानं पाहायची.

निघायच्या दिवशी माझ्याकडे गाडी उरली नव्हती. सासरे म्हणाले, "मंग आमची दमणी न्या, जवाईबापू." साडूच्या गाडीला त्यांनी आपले बैल दिले, त्यांच्या दमणीला माझे जुंपले. दोन्ही चाकं चाकोरीत बसली. बायको वेस ओलांडायच्या आत झोपली.

पुढे साडूची गाडी चालली होती, डाव्या अंगाला कललेली. त्यानं एक कोपर गादीवर टेकवलं होतं, दुसऱ्या हातानं छताचा दांडा घट्ट धरला होता. वेशीवर मामेसासरे हात जोडून उभे होते.

"मोठ्या घरचा माणूस," ते मला म्हणाले. "पाहा, बसाची ऐट पाहा."