चूक सापडली की फोन कर

बाबांचा फोन आला तेव्हा मी अंधेरीत कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. "सुमेध, आत्या गेली रे... मुलुंडला ये." दुसऱ्या दिवशी माझा केटीचा पेपर होता. दुसऱ्या वर्षाचा प्रोग्रॅमिंगचा हा एक विषय अडकून बसला होता. याही वेळी सुटला नाही तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही, मित्र पुढे जाणार आणि मी वर्षभर घरी. लाज वाटते तरी सांगतो, त्या क्षणी मनात पहिला विचार आला तो, आता माझं कसं होणार? रडू नंतर आलं.

निर्मलाआत्या, बाबांची थोरली बहीण, एका मोठ्या ऑफिसच्या संगणक विभागातून निवृत्त झाली होती. तिच्या सुरुवातीच्या काळात प्रोग्रॅम पेन्सिलीने कागदावर लिहून द्यायचा आणि तो चालला की नाही ते दुसऱ्या दिवशी कळायचं. एक टिंब चुकलं की दिवस फुकट. म्हणून तिला ड्राय रनची सवय जडली ती कायमची. ड्राय रन म्हणजे आपणच कॉम्प्युटर व्हायचं आणि प्रोग्रॅमची एकेक ओळ कागदावर चालवून बघायची. मी नापास झालो तेव्हा बाबांनी मला तिच्याकडे धाडलं. तिने माझं प्रॅक्टिकलचं जर्नल चाळलं आणि एका पानावर बोट ठेवलं. "हा प्रणव कोण रे?" सीनियरचं जर्नल उतरवताना आउटपुटमधलं त्याचं नावसुद्धा मी इमानदारीत उतरवलं होतं. "वाट लागली," मी पुटपुटलो. आत्या पोट धरून हसली आणि म्हणाली, "लॅपटॉप बॅगेत ठेव. दर रविवारी सकाळी नऊला यायचं."

निवृत्त होताना तिने ऑफिसातून जुन्या प्रिंटरच्या कागदाचा गठ्ठा आणला होता, दोन्ही कडांना भोकं असलेला. त्यावर ती दर रविवारी एक प्रोग्रॅम लिहून ठेवायची आणि त्यात मुद्दाम एक चूक पेरायची. कुठे लूप, म्हणजे त्याच ओळींचा फेरा, एकदा जास्त फिरायचा, कुठे मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू व्हायची. मी घाबरून काहीतरी ठोकून द्यायचो. "अंदाज नको. चालवून दाखव." "पेपरात एवढा वेळ नसतो गं आत्या!" "घाबरायला बरा मिळतो तुला वेळ!"

मग तिचं हृदय थकत गेलं. चार पावलं चालली तरी धाप लागायची. माझी नजर कागदावरून तिच्या श्वासाकडे जायची, आणि ती मला पकडायची. "माझ्याकडे नको, कागदाकडे बघ." "रविवार बंद करू या का?" मी एकदा विचारलं. "तुझा पेपर बंद झालाय का?"

शेवटच्या रविवारी ती पलंगावरच होती. कागद आधीच लिहून ठेवलेला, अक्षर वाकडंतिकडं. "आज घरी जाऊन सोडव... चूक सापडली की फोन कर." मी तो कागद रोज चालवून पाहिला. चूक सापडेना. जितकी सापडेना तितकी धास्ती वाढली, की एवढ्या महिन्यांनी हेही जमत नाही तर पेपरात काय दिवे लावणार. आत्याला काय सांगायचं म्हणून फोन केलाच नाही. आणि गुरुवारी बाबांचाच फोन आला.

दुसऱ्या दिवशी पेपर दिला. प्रत्येक उत्तराशेजारी ड्राय रनचा तक्ता आखला. मागच्या आठवड्यात निकाल लागला. पास झालो.

तो कागद आता माझ्या टेबलावर आहे. परवा रविवारी नऊ वाजता पुन्हा चालवला, उत्तर पुन्हा बरोबर आलं. लॅपटॉपवर टाकला तर मिनिटभरात कळेल, पण बॅगेतून काढावासा वाटत नाही. आता मला जवळजवळ खात्रीच आहे, आत्याने या वेळी चूक पेरलीच नव्हती. त्राण उरलं नसेल, किंवा... तिला ठाऊक असेल, मी स्वतःच्या उत्तरावर भरवसा ठेवत नाही ते. फोन करून एवढंच म्हणायचं होतं, आत्या, हा बरोबर आहे. तेवढं म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि ती चार दिवस फोनची वाट बघत राहिली.