कंसातलं नाव

लालबागमध्ये आमच्या मालकीचं जे काही आहे, ते जमिनीपासून बावीस मजले वर आहे. चाळीच्या जागी टॉवर झाला तेव्हा बाबांनी खिडकीच्या ग्रिलमध्ये, रंगाच्या रिकाम्या बादलीत, कढीलिंब लावला. महिन्याभरात सोसायटीची नोटीस आली की, यामुळे इमारतीच्या दर्शनी सौंदर्याला बाधा येते. आमच्या दर्शनी बाजूला समोरचा टॉवर आहे. त्याचं सौंदर्य आम्ही रोज सहन करतो, पण नोटीस कुणाला पाठवली नाही.

जमीन घ्यावी असं मला मे महिन्यात वाटू लागलं. आंबा खाऊन झाला होता आणि कोय ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची होती. का कोण जाणे, ती टाकवेना. जिथे कोय भिरकावून विसरून जावं आणि चार वर्षांनी झाड बघून आठवावं, अशी एखादी जागा आपली असावी असं वाटलं. बायकोला सांगताना मी अर्थातच 'गुंतवणूक' हा शब्द वापरला. ती पावसाळाभर रविवारी डोंगर चढणारी बाई. तिचा तंबू माळ्यावर पडून असतो.

"गुंतवणूक म्हण, नाहीतर काही म्हण," ती म्हणाली. "मला तंबू ठोकता आला पाहिजे, कुणाला न विचारता."

दादरला एका साडीच्या दुकानावरच्या मजल्यावर अशा जमिनी विकणारं ऑफिस होतं. तिथे भिंतभर घोडे, मचाण, शेकोटी आणि गिटार घेतलेली माणसं होती. शेत कुठेच नव्हतं. विकणारा तरुण प्रत्येक वाक्याला 'सर' लावत होता. प्रकल्पाचं नाव एखाद्या संस्थानाला शोभेल असं होतं. मी जागा बघायची तयारी दाखवली.

रविवारी त्यांच्या मिनीबसने कर्जतच्या पुढे गेलो. मी, बायको आणि बाबा. आधी कमान लागली, तिच्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे दोन हत्ती. रस्ता व्हायचा होता. आत चुन्याने आखलेले, पावसात पुसट झालेले चौकोन आणि ओलं गवत. सगळं हास्यास्पद होतं, आणि तरीही एका चौकोनात उभं राहिल्यावर माझा पाय तिथून निघेना. समोर डोंगर होता आणि मध्ये कुणाचीही बाल्कनी नव्हती.

बाबा खाली बसले. गिरणीत तीस वर्षं साचा, म्हणजे माग, चालवलेला माणूस. त्यांनी एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, वास घेतला. "पाणी धरत नाही," म्हणाले. "पण काजू येईल. दोन इकडे, दोन त्या दगडाकडे. घराचं तोंड इकडे नको, वारा येईल." आमच्या बावीस मजली घराचं तोंड कुठे आहे याबद्दल त्यांनी आजवर अवाक्षर काढलं नव्हतं.

"फक्त एक फॉर्मॅलिटी आहे, सर," तो तरुण म्हणाला. "ही शेतजमीन आहे. घेणारा शेतकरी लागतो. गावच्या सातबाऱ्यावर तुमचं किंवा वडिलांचं नाव असेल ना?"

"आहे की," मी म्हणालो. "आमचं कोकणात घर आहे, माड आहेत. दर गणपतीला जातो."

बाबा एकदम कमानीवरचे हत्ती न्याहाळू लागले. तेव्हा मला ते नुसतं कुतूहल वाटलं.

सातबारा हल्ली मोबाइलवर बघता येतो. फक्त गट नंबर लागतो. तो विचारायला मी दुसऱ्या दिवशी गावी काकांना फोन केला. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, घर आणि जमीन तेच सांभाळतात. श्रावण चालू होता, गणपती तीन आठवड्यांवर. इकडचं तिकडचं बोलून मी नंबर विचारला.

"सातबारो कित्याक होयो तुका?"

"सहज. बघायला."

"बरां," काका म्हणाले आणि नंबर सांगितला. एरवी ते फोन ठेवताना येताना काय काय आणायचं ते सांगतात. या वेळी काही आणायला सांगितलं नाही.

मोबाइलवर उतारा उघडला. वर काकांचं नाव, खाली बाबांचं, पण कंसात. महसूल खात्यात नाव असं कंसात गेलं की तो माणूस त्या जमिनीपुरता संपला.

मी मोबाइल बाबांच्या पुढे धरला. त्यांनी चष्मा लावायचीही तसदी घेतली नाही.

"मीच सही करून दिली. तू कॉलेजात होतास."

"हक्क सोडला? आणि घरात कुणाला सांगितलं नाही?"

"शेजारच्या घरातला तो टेपवाला आठवतो?"

आठवत होता. आमच्या गावच्या शेजाऱ्यांचा मुंबईतला भाऊ एका गणपतीत दुसऱ्या दिवशी मोजायची टेप घेऊन अंगणात उतरला होता, हिस्सा मागायला. आरतीची वेळ होती. तेव्हापासून गावात त्याला टेपवाला म्हणतात. त्याच्या मुलांनाही टेपवाल्याची मुलं म्हणतात.

"मुंबईहून गेलेला प्रत्येक माणूस टेप घेऊनच आलाय असं त्यांना वाटतं," बाबा म्हणाले. "म्हटलं, आपल्या खिशात टेप नाही हे एकदा लिहून देऊ. मग कायम जाता येईल." मग त्यांनी विचारलं, "तू नंबर विचारलास तेव्हा तो काय म्हणाला?"

"बरां म्हणाले."

बाबा उठून खिडकीशी गेले आणि एकही पिवळं पान नसलेला कढीलिंब तपासत राहिले. जे टाळायला त्यांनी सही केली होती, तेच मी एका फोनमध्ये करून ठेवलं होतं.

दादरच्या तरुणाने धीर सोडला नाही. "शेतकरी असल्याच्या दाखल्याची सोय होते, सर," असं त्याने आवाज खाली आणून सांगितलं. नको म्हटल्यावर बिगरशेती प्लॉट दाखवला, तो कुणालाही घेता येतो. त्यात हिरवळ होती, आणि झाडं लावायची तर मंजूर यादीतली. यादीत आंबा नव्हता. बायकोने तंबूचं विचारलं. "कॅम्पिंग झोनमध्ये, मॅडम. आधी बुकिंग करून." तिने माहितीपत्रक घडी घालून परत दिलं.

गणपतीला आम्ही गेलो. जाऊ की नको यावर घरात चर्चा झाली नाही, बाबांनी फक्त बॅग भरली. दर वर्षी आम्ही पोचलो की काका चहाच्या आधी बाबांच्या हातात कोयता देतात, कारण पायवाटेवर गवत माजलेलं असतं आणि ते काढणं बाबांचं काम. या वेळी पायवाट आधीच साफ होती. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. काकूने ट्रेमधून पाणी आणलं. ट्रे आम्ही त्या घरात पहिल्यांदा बघितला.

"बसा," काका म्हणाले. "दमला असाल." तेही शुद्ध मुंबईच्या मराठीत.

दोन दिवस आम्ही बसलो. बाबा विहिरीकडे निघाले की काका म्हणत, "असू दे, मी आणतो." ताटात पहिली वाढणी आमची. बाबा जेवत होते, पण मागून घेत नव्हते. घराच्या मागे माडांखाली गवत गुडघ्याच्या वर गेलं होतं. बाबांची खुर्ची रोज थोडी थोडी तिकडे वळत होती.

दुसऱ्या दिवशी मी काकांना दादरच्या ऑफिसची सगळी हकिकत सांगितली, हत्तींसकट. दाखला, काजू, मंजूर यादी. ते ऐकत राहिले. हसले फक्त हत्तींना.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात बसले होते. मागून काकांचा आवाज आला, चांगलाच वैतागलेला.

"दादा, खुर्चेर बसान काय रवलंस? माडाखालचा गवत कोण काढतलो? आणि ह्या झिलाकव घेऊन जा."

झील म्हणजे मी, वय अठ्ठेचाळीस. बाबा इतक्या पटकन उठले की खुर्ची मागे पडली. मला बोथट कोयता मिळाला, चांगला त्यांनी घेतला. तासाभरात माझ्या तळहाताला फोड आले. बायको माळ्यावरचा तंबू बरोबर घेऊन आली होती, हे मला तेव्हा कळलं. मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत तिने काकूला विचारलं, "इथे ठोकला तर चालेल?"

"ठोक गो," काकू म्हणाली. "विचारतंस काय?"

निघताना काकांनी पुढच्या वर्षी काय काय आणायचं त्याची यादी सांगितली. ती लिहून घेताना दादरच्या तरुणाचा मेसेज आला: शेवटचे काही प्लॉट शिल्लक, सर. मी यादी पुन्हा एकदा वाचून दाखवली. त्यात दुसऱ्या नंबरला माझ्यासाठी नवीन कोयता होता. एकच.